शनिवारची दाढी

खासदार आठवडाभर राजधानीत बोलत आणि शनिवारी गावात येऊन गप्प बसत. गप्प बसायची जागाही ठरलेली होती: बाजाराच्या टोकाला वस्तादाचं सलून. वस्ताद त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. पहिल्या निवडणुकीनंतर त्यानेच हा नियम घातला होता. खासदारांनी खुर्चीत बसायचं, तोंडाला फेस लागायचा, गळ्याशी वस्तरा यायचा, आणि मग लोकांनी एकेक करून गाऱ्हाणं सांगायचं.

"एरवी हा दुसऱ्याला बोलू देतो होय?" वस्ताद म्हणायचा. यात खासदारांचा फायदाच झाला. दुसरी निवडणूक त्यांनी या खुर्चीच्या जोरावर मारली, हे विरोधकसुद्धा मान्य करत.

त्या शनिवारी मात्र स्वारी जरा हवेतच आली. शाळांच्या नव्या कायद्यावरचं त्यांचं भाषण सभागृहात गाजलं होतं. मूठभर पोरांच्या शाळा बंद करायच्या, मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यायचं. तिथे प्रयोगशाळा, वाचनालय, पळायला मैदान. देशासाठी चांगलीच गोष्ट होती आणि ते मनापासून बोलले होते. पक्षाध्यक्षांनी पाठ थोपटली. सोमवारचं मतदान होऊ द्या, मग तुमच्या मंत्रिपदाचं बघू, म्हणाले.

सलूनमध्ये पाऊल टाकलं, तर त्यांच्या खुर्चीत शिंपी बसलेला. तोंडभर फेस. बाकावर दूधवाला, सुतार आणि पाण्याच्या टाकीवरचा ऑपरेटर ओळीने बसलेले, त्यांच्याही गालांवर फेस. कुणी हूं की चूं करेना.

"हे काय रे?"

"आज उलटं," वस्ताद ब्रश धूत म्हणाला. "आज हे ऐकणार, तू बोलायचंस. वरच्या वस्तीची शाळा बंद होणार म्हणे. खरं?"

खासदार हसले. "अरे, बंद काय म्हणतोस? बस येणार! दारातून उचलणार, दारात सोडणार. शहरातल्या पोरांना जे मिळतं, ते आपल्या पोरांना का मिळू नये?"

सभागृहात या वाक्याला बाकं वाजली होती. इथे चार पांढरे चेहरे नुसते बघत राहिले. विरोधक आरडाओरडा करतात तेव्हाही त्यांना इतकं ओशाळल्यासारखं होत नसे.

"कुठून येणार बस, दादा?"

आवाज दारातून आला. वरच्या वस्तीत दिलेली त्यांची चुलत बहीण उंबऱ्यात उभी होती. तिची धाकटी त्याच शाळेत दुसरीत होती. दाढीचा प्रश्न नसल्यामुळे वस्तादाचा कायदा तिला लागू नव्हता.

"रस्त्याने," खासदार म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

वस्तीला रस्ताच नव्हता. ओढ्यापर्यंत डांबर, पुढे पायवाट. तो रस्ता दोन्ही निवडणुकांत त्यांनीच कबूल केला होता आणि दर वेळी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणून टोलवला होता. साऱ्या देशात बस फिरवताना आपल्याच घरचा ओढा त्यांच्या डोक्यातून निसटला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"एवढीशी पोर ओढा ओलांडून जायची नाही," बहीण म्हणाली. "मी पाठवायचीही नाही. घरी बसेल. मोठी बसली तशी, चौथीनंतर."

ती चिडून बोलली असती तर परवडलं असतं. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती बोलली. मोठीची शाळा सुटल्याचं खासदारांना ठाऊकही नव्हतं. सख्ख्यासारखी बहीण आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी तिथेच अध्यक्षांना फोन लावला.

"सोमवारी मी एक दुरुस्ती मांडतोय. बस दारात येईपर्यंत शाळा बंद करायची नाही, एवढीच." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "हो. कळतंय मला. नाही घेतलीत तर माझं मत विरोधात जाईल."

फोन खिशात टाकून ते म्हणाले, "गेलं मंत्रिपद."

"आलंच नव्हतं ते जाईल कुठं?" वस्ताद म्हणाला.

सगळे हसले, खासदारही हसले. पण राजकारणात आल्यापासून ते मंत्रिपदाच्या खुर्चीकडे डोळे लावून होते. बायकोला तर परवाच सांगून टाकलं होतं.

शिंप्याने टॉवेलने तोंड पुसलं. "दुरुस्ती होईल का मंजूर?"

"सांगता येत नाही. पण मांडणार."

शिंपी खुर्चीतून उठला आणि त्याने ती हाताने झटकली. खासदार बसले. बाकावरच्यांनी आपापला फेस पुसला, वस्तादाने खासदारांच्या गालांवर ब्रश फिरवून गळ्याशी वस्तरा आणला आणि सलून पुन्हा बोलू लागलं. ऑपरेटरने टाकीचा पंप जळाल्याचं सांगितलं, सुतार गटारावरून भांडला. खासदारांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळेच मिटले.

"शाळेचं बोललास, बरं केलंस," बहीण उंबरा ओलांडून आत येत म्हणाली. "आता रस्त्याचं सांग. कधी?"

'पुढच्या वर्षी नक्की' अगदी ओठांवर आलं होतं. पण वस्तादाने गळ्यावरचा वस्तरा काही उचलला नाही.