चक्कीवरची तीन टिंबं

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी घड्याळजी नेहमीप्रमाणे आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये आला आणि स्टुलावर टेकायच्या आधीच थबकला. कोपऱ्यातल्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर विक्रमांची यादी झळकत होती. एकोणीस वर्षं तिच्या पहिल्या ओळीत त्याच्या आडनावाची तीन अक्षरं होती. आज ती दुसऱ्या ओळीत होती. पहिल्या ओळीत नावाच्या जागी नुसती तीन टिंबं, आणि पुढे आकडा : नऊ लाख दोन हजार सातशे. त्याच्यापेक्षा एकसष्ट हजार चारशे जास्त.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. "कुठे?"

"माझ्या मशीनवर."

"मशीन माझं, वीज माझी, जागा माझी. तुमचा फक्त जीव अडकलाय त्यात." खुर्चीतलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. "हलू नका हो, वस्तरा आहे!"

प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, हे घड्याळजीने मनात टिपून ठेवलं.

मशीनवर कसलंसं परदेशी नाव रंगवलेलं होतं, पण सगळे त्याला चक्की म्हणत. आत गेला तो पीठ होऊनच बाहेर येई. खेळ सांगायला सोपा. पडद्याच्या तळाशी आपलं छोटं विमान, वरून शत्रूंच्या रांगा, आणि त्यांच्या गुलाबी गोळ्यांचा सडा. विमानं तीन. नवखा माणूस दीड मिनिटात उठायचा. मशीन जुन्या बाजारातून आणलं तेव्हा आतल्या चार बटणांवर खेळ किती अवघड ठेवायचा हे ठरवता येतं, हे घड्याळजीनेच शोधून काढलं होतं आणि चारही बटणं सगळ्यात अवघड बाजूला ढकलली होती. आता कोणी फिरकणार नाही, म्हणून सलूनवाला कुरकुरला. झालं उलटंच. सोपा असता तर लोकांनी तो महिन्याभरात संपवून टाकला असता. हा संपत नव्हता. केस कापून झालेली माणसं, खांद्यावर बारीक केस तसेच, पुन्हा त्याच्यासमोर बसत. हरलेला माणूस मशीनला दोष देत नसे; चूक आपलीच होती, हे त्याला दिसलेलं असे आणि पुढच्या वेळी ती होणार नाही, असं वाटत असे. घड्याळजीला हे एकोणीस वर्षं वाटत होतं. दुकानातली घड्याळं दुरुस्त होऊन जात. चक्कीचे टप्पे सहा. तो पाचव्याच्या सुरुवातीपलीकडे कधी गेला नव्हता.

त्या दुपारी तो खेळला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि मान वाकडी करून त्याने मशीनची मागची बाजू पाहिली. बटणं लावून झाकण बसवलं तेव्हा स्क्रूच्या डोक्यावर त्याने लाल लाखेचा थेंब सोडला होता. कोणी उघडलं तर कळावं, ही धंद्यातली सवय. थेंब तडकलेला होता.

"हे कोणी उघडलं?"

"कोण उघडेल? गेल्या आठवड्यात फरशी धुवायला मशीन सरकवलं. घासलं असेल भिंतीला."

"बरं आठवलं तुम्हाला लगेच."

"विचारलंत म्हणून आठवलं! नसतं आठवलं तरी संशयच घेतला असतात." सलूनवाल्याने वस्तरा पुसला. पुढचं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं. "तुमच्या विहीणबाई. चार महिने झाले. रोज सकाळी साडेआठला, मी शटर उघडल्या उघडल्या. सांगू नका म्हणाल्या. व्याही मनाला लावून घेतील, म्हणाल्या."

घड्याळजीची मुलगी याच विहीणबाईंच्या घरी दिली होती. बाई तेहतीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होत्या, गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. लग्नात त्यांनी मानपानावरून एक शब्द काढला नव्हता, आणि घड्याळजीला तेव्हाही ते जरा संशयास्पदच वाटलं होतं.

"चार महिन्यांत नऊ लाख?" तो म्हणाला. "आत हात घातल्याशिवाय शक्य नाही." आणि हे तो सलूनमध्ये, खुर्चीतल्या गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने म्हणाला.

संध्याकाळी सहाच्या आत मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही माझ्या सासूबाईंना चोर म्हणालात?"

"चोर नाही म्हणालो. आत हात घातला म्हणालो."

"मग चोरी आणखी कशी करतात?"

"थेंब तडकलाय गं."

"थेंब? तुम्हाला एका थेंबावरून माझं घर... जाऊ दे. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, उद्या साडेआठला बोलाव त्यांना. आणि एक ऐका. उद्या जे काही कराल, त्यानंतर मला याच घरात राहायचंय."

बुधवारी घड्याळजी आठ वाजून बावीस मिनिटांनी पोचला. स्क्रूड्रायव्हर आणला होता, खिशात. विहीणबाई आधीच स्टुलावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, चष्मा नाकावर.

"या व्याही. चहा झाला?"

"झाला. विहीणबाई, मला म्हणायचं होतं ते असं की..."

"जे म्हणायचं ते तुम्ही काल म्हणालात. आता उघडा."

इथे एक अडचण होती, आणि ती तिघांनाही माहीत होती. चक्कीची यादी वीज असेपर्यंतच टिकत असे. म्हणून तर सलूनमधल्या इन्व्हर्टरवर आधी चक्की आणि मग दिवे होते. मागचं झाकण काढलं की सुरक्षेचं बटण सुटून मशीन आपोआप बंद होई. स्क्रू ढिले करून फटीतून तार सारली, तर मशीन चालू ठेवूनही बटणं ढकलता आली असती; पण आत बघायचं तर झाकण पूर्ण काढायला हवं, आणि मग यादी पुसली जाणार. वरची ओळही आणि खालचीही.

"आधी तुम्ही खेळून दाखवा," घड्याळजी म्हणाला. "मी बघतो."

"आणि चांगली खेळले तर म्हणाल, आत फिरवलंय. वाईट खेळले तर म्हणाल, बघा, मी म्हणत नव्हतो? नको. माझी टिंबं जातील, तुमची अक्षरंही जातील. न उघडता राहिलात, तर उद्या आमच्याकडे येऊन माझ्या हातचा चहा कसा प्याल?"

सलूनवाला कंगवे मांडत होता. एकच कंगवा त्याने तिसऱ्यांदा उचलून ठेवला.

घड्याळजीने स्क्रू काढायला घेतले. स्क्रू चार होते. तो एरवी असे चार मिनिटभरात काढतो, आज त्याला पाच मिनिटं लागली. झाकण निघालं तशी चक्की गप्प झाली. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बॅटरी आत धरली. चारही बटणं सगळ्यात अवघड बाजूला होती. त्यांच्यावर आणि त्यांच्या फटींत धुळीचा सलग थर बसलेला होता. बोटाचा ठसा नाही, ओरखडा नाही. तो नको तितका वेळ बघत राहिला.

"काय दिसलं?" सलूनवाल्याने विचारलं.

"धूळ."

"किती वर्षांची?"

"एकोणीस." त्याने झाकण परत बसवलं. मशीन सुरू झालं. यादीत आता कारखान्यातूनच आलेले गोल आकडे होते आणि कुणाचीच नसलेली अक्षरं.

"माझं चुकलं, विहीणबाई," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून सलूनवाल्याने पहिल्यांदाच ऐकलं.

"चुकलंच. आता बघा."

त्या खेळू लागल्या. हात काही विलक्षण नव्हता; पहिल्या दोन टप्प्यांत त्या घड्याळजीपेक्षा संथच होत्या. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी, दोन तोंडांचा किल्ला फुटल्यावर, पडद्यावर एकच भरकटलेली गोळी खाली येत होती. ती चुकवणं नवख्यालाही जमलं असतं. विहीणबाईंनी विमान हलवायच्या दांड्यावरून हात काढला आणि चष्मा नीट केला. विमान फुटलं.

"अहो!" घड्याळजी ओरडला.

"श्श."

चौथा टप्पा सुरू झाला. तिथल्या तोफा एका वेळी पाच गोळ्या सोडतात. घड्याळजीला हे पाढ्यासारखं पाठ होतं. त्याने मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या. तीनच. बटणांवरची धूळ त्याने स्वतः पाहिली नसती, तर त्याने आत्ता शपथेवर सांगितलं असतं की आत काहीतरी फिरवलंय.

"आमच्याकडे पट्टा होता," नजर न हलवता विहीणबाई सांगू लागल्या. "बाटल्या पुढून जायच्या, तडा गेलेली उचलायची. काम चोख झालं की सुपरवायझर वेग वाढवायचा. आणखी चोख केलं की आणखी. नव्या मुली रडायच्या. जुन्या बायका काय करायच्या? दिवसातून एक बाटली हातून सोडायच्या. पट्टा थांबायचा, काचा गोळा व्हायच्या, आणि परत सुरू व्हायचा तो सावकाश. तुमचं हे मशीन त्या सुपरवायझरचा सख्खा भाऊ आहे. चांगलं खेळलात की चिडतं. तुम्ही एकोणीस वर्षं त्याला चिडवत बसलात."

चौथ्या टप्प्यापासून गोळ्या वाढतात, हे घड्याळजीला माहीत होतं. आपण एकही चूक करत नाही म्हणून त्या वाढतात, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बिनचूक खेळून तिथपर्यंत पोचण्याचाच तर त्याला अभिमान होता.

"कुठली बाटली सोडायची ते कसं कळायचं?"

"मला सहा वर्षं लागली. लवकर सोडली तर फुकट जाते, उशिरा सोडली तर पगारातून कापतात." त्यांनी खेळ तसाच सोडून दिला आणि उठल्या. "बसा आता."

तो बसला. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, एकही विमान न गमावता. तिसऱ्याच्या शेवटी किल्ला फुटला आणि ती एकटी गोळी डुलत खाली आली. बाईंनी खरी जागा सांगितली होती का? काल चोर म्हणवून घेतलेली बाई आज आपलं गुपित फुकट का देईल? त्याचा हात आपसूक डावीकडे गेला. गोळी बाजूने निघून गेली, आणि चौथ्या टप्प्याच्या पाच पाच गोळ्यांनी दोन मिनिटांत त्याची तिन्ही विमानं संपवली.

"सवय," सलूनवाला म्हणाला.

"संशय," विहीणबाई म्हणाल्या.

तो पुन्हा बसला. दुकान उघडायची वेळ झाली होती. समोरच्या बंद शटरपुढे एक माणूस मनगटावरचं घड्याळ काढून उभा होता. घड्याळजीने तिकडे पाहिलं नाही. किल्ला फुटला. गोळी निघाली. त्याने दोन्ही हात उचलले आणि सलूनच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकासारखे मांडीवर ठेवले. विमान फुटलं. त्याने डोळे मिटले नाहीत.

चौथ्या टप्प्यातली पहिली तोफ आली. एक, दोन, तीन.

तो पाचव्या टप्प्याच्या मध्यापर्यंत गेला, त्याच्या जुन्या मर्यादेच्या थोडं पुढे, आणि तिथे चक्कीने त्याला पुन्हा गाठलं. गोळ्या सहा झाल्या होत्या. दुसरं विमान गेलं, तिसरं गेलं.

"इथे परत चिडलं," तो वळून म्हणाला. "म्हणजे इथल्या आधी कुठेतरी आणखी एक सोडायचं असणार. कुठे?"

विहीणबाईंनी पर्स खांद्याला लावली. "ते नाही सांगायचं."

"म्हणजे आहे."

"आहे की नाही, तेही नाही सांगायचं. रविवारी चहाला या." दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं. "आणि व्याही, तो स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊन येऊ नका."