आखाजीचा मुराळी

पितांबर पाटलाला मोटारीची गरज आहे असं बायको सोडून सगळ्यांना वाटत होतं, आणि बायकोला, धुरपदाबाईला, कोणी विचारलंच नव्हतं.

पारोळ्याच्या अलीकडे त्याचं गाव. घरची कपाशी, विहिरीवर थोडी केळी, दारात दोन बैलजोड्या. खाऊनपिऊन सुखी माणूस. पण लेक मंजुळा दिली होती थेट साक्रीच्या पलीकडे. लग्नानंतर पहिल्यांदा तिला भेटायला गेला तो एसटीतून उतरून, डोक्यावर गाठोडं घेऊन, धुळीनं माखलेल्या पायांनी. व्याही हिलाल पाटील ओट्यावरून सहज हसत म्हणाला, "याहीभाऊ, बैल इकी टाकात का?"

बैल विकले म्हणून असे पायी आलात का, ही थट्टा हसण्यावारी न्यायची गोष्ट. पितांबरनं ती काळजाला लावून घेतली. आता या गावात पाय ठेवीन तो मोटारीतूनच, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि मोटार मिळेपर्यंत तिकडे फिरकलाच नाही. अशा माणसाला स्वाभिमानी म्हणायची आपल्याकडे रीत आहे. धुरपदाबाई दुसरा शब्द वापरायची.

मधे एक आखाजी येऊन गेली. खानदेशात दिवाळी एक वेळ चुकेल, पण अक्षय्यतृतीयेला सासुरवाशीण माहेरी आली नाही असं होत नाही. बाप, भाऊ, चुलता, कोणीतरी मुराळी होऊन जातो आणि पोरीला घेऊन येतो. मग झाडाला झोके, गौराईची गाणी, आमरस आणि पोळ्या. जिला न्यायला मुराळी येत नाही, तिच्याकडे गाव निराळ्याच नजरेनं बघतं. धुरपदाबाई रोज तोंड सोडत होती, तरी पितांबर म्हणाला, "पुढला साल मोटारमा लई येसु." मंजुळानं ती आखाजी कुठे, कशी काढली हे त्यानं नंतरही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. पुढे पुढे तर विचारलं नाही याचीच लाज वाटू लागली, आणि मग तो विषय निघाला की तो उठून गोठ्यात जायचा.

अखेर अमळनेरच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठनं आपली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची शेवरलेट विकायला काढली. पितांबरनं ती घेतली, शेठच्या ड्रायव्हरकडून चालवायला शिकला आणि साक्रीला निरोप धाडला, की आखाजीला येतो, मोटार घेऊन येतो.

निघायच्या आदल्या दिवशी पुढचं एक चाक कुईकुई करायला लागलं. आता पितांबर जन्माचा गाडीवान. बैलगाडीचं चाक कुरकुरलं तर काय करायचं हे त्याला कोणी सांगायला नको. गाडी ती गाडी आणि चाक ते चाक! त्यानं चाकावरचं टोपण काढलं, गाडीच्या आखाला घालतात ते एरंडेलाचं वंगण आत भरपूर ओतलं आणि टोपण ठोकून बसवलं. चाक गप्प झालं. पितांबरनं मिशीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी वाटेत फागणं गाव मागे पडलं तेव्हा चाकातून धूर निघाला. मग आत कोणी हरभरे भरडतंय असा आवाज सुरू झाला. हलतं चाक घेऊन, बैलगाडीला लाजवील अशा चालीनं तो धुळ्यात शिरला आणि आग्रा रोडवर तोताराम मिस्त्रीच्या गॅरेजपुढे थांबला.

तोतारामनं चाक उतरवलं. आतलं बेरिंग पार गेलं होतं. कडी तडकलेली, छर्रे फुटलेले. त्यानं बोट नाकाशी नेलं. "एरंडेल कोणी घातलं ह्यात?"

"जुना मालकनी," पितांबर लगेच बोलला.

तोतारामनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरच्या तेलकट डागाकडे पाहिलं आणि मान खाली घालून काम सुरू केलं. पितांबरनं हात पाठीमागे नेला.

फुटकं बेरिंग रुमालात बांधून तो दुकानं हिंडायला लागला. आखाजी परवावर आली होती. एका दुकानात हल्लीच्या गाडीचं बेरिंग निघालं, ते भोकाला मोठं झालं. दुसऱ्याचं भोक जमलं, तर कडी सूतभर ढिली. दुकानदार म्हणाला, मधे पत्रा घालून बसवा. पितांबर आनंदानं ते घेऊन आला, पण तोतारामनं हात लावला नाही. "पत्र्यावर बसवलेलं चाक रस्त्यात निघून जाईल. लेकीला आणायला चाललात ना? मग बरोबर असेल तेच आणा, नाहीतर गाडी इथंच राहू द्या." बाकीच्या दुकानांत एकच उत्तर: एवढ्या जुन्या गाडीचं इथं कोण ठेवतो? मुंबईहून मागवा, आठवडा धरा.

एसटी होती. स्टँडही लांब नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं निघाला असता तर रात्री लेकीच्या दारात उभा राहिला असता. पण निरोप मोटारीचा गेलेला होता.

शेवटचं दुकान मगनशेठचं. पितांबरनं रुमाल सोडून फुटकं बेरिंग फळीवर ठेवलं, आणि मगनशेठ उजळलाच. "या या! सकाळपासून तुमचीच वाट पाहतोय. चाळीसगावच्या गाडीनं पार्सल आलं बघा." त्यानं फडताळातून कागदात गुंडाळलेला डबा काढला. आत तेलात न्हालेलं कोरं बेरिंग. जुन्याशेजारी ठेवलं तर जुळी भावंडं. "साक्रीहून निंबाभाऊ स्वतः येणार होता. तुम्हाला धाडलं वाटतं?"

पितांबरनं डब्याकडे पाहिलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"हां," तो म्हणाला. "मालेच धाडेल शे."

किंमत मोजून, डबा काखेत मारून तो बाहेर पडला आणि वाटेत स्वतःला पटवू लागला. चोरी थोडीच केली? पैसे दिले आहेत. असेल कोणी निंबा, मागवील दुसरं. मला लेक आणायची आहे, त्याला काय करायचंय मोटारीचं? असं तो तोतारामच्या दारापर्यंत बोलत आला, आणि ज्याचं मन साफ असतं तो इतका बोलत नाही हे त्यालाही कळत होतं.

बेरिंग बसवून घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार लेकीच्या गावात शिरली. पोरंसोरं मागे धावली. हिलाल पाटील ओट्यावरून उतरून गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "वा याहीभाऊ!" दोन वर्षं ज्या शब्दांसाठी पितांबरनं वाट पाहिली ते हेच. ते कानावर पडले आणि विरूनही गेले, कारण मंजुळा आतून धावत आली आणि त्याच्या हाताला धरून उभी राहिली. ती वाळली होती.

"उनात आबा! माले वाटे, औंदा बी येतस नहीत."

पाराजवळ तीन पोरी गाठोडी घेऊन बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं होतं. पितांबरनं विचारलं, ह्या कोण?

"निंबाभाऊनी वाट पाही ऱ्हायन्यात," मंजुळा म्हणाली. "ह्यासना माहेरमा माय शे, पन आणाले येणारा बाप नही, भाऊ नही. साक्रीना निंबाभाऊ दर आखाजीले त्यासना मुराळी व्हस. सोतानी टॅक्सीमा घरोघर पोचाडस. औंदा त्यासनी गाडी बिघडेल शे." मग तिनं आवाज खाली घेतला. "मागला साल तुम्ही उनात नही ना, आबा. तवय ते माले त्यासना घर लई गयात. वहिनीनी माले झोकावर बसाडं, रस-पोयी खावाले दिधी. म्हणे, भाऊनंच घर शे, रडू नको."

पितांबर चाकाकडे बघत उभा राहिला. निंबाचं नाव ऐकल्याबरोबर त्याला सगळं कळलं होतं. मागल्या आखाजीचं ऐकल्यावर तर मान वर करवेना. आपली पोर परक्याच्या झोक्यावर बसून रडत होती तेव्हा आपण मोटारीचा भाव करत होतो, आणि आज त्याच माणसाच्या नावावर खोटं बोलून त्याचं बेरिंग पळवून आणलं. तोंडात मारल्यासारखं झालं त्याला.

मंजुळानं त्या तिघींनाही गाडीत घेतलं; निंबाभाऊची गाडी दुरुस्त झाली असेल तर साक्रीला सोडू, म्हणाली. साक्रीपर्यंतच्या रस्त्यावर सांगायला वेळ होता. पितांबरनं दोनदा घसा साफ केला. मागे पोरी गौराईचं गाणं म्हणत होत्या. तो गाडी हाकत राहिला.

निंबाच्या अंगणात तशीच एक जुनी शेवरलेट दगडांवर चढवून ठेवली होती, पुढचं चाक काढलेलं. निंबा किरकोळ अंगाचा, पन्नाशीचा माणूस. मंजुळाला पाहून त्याचं तोंड फुललं, पण पोरींची गाठोडी पाहून पुन्हा पडलं.

"काय सांगू माय! काल सांजले धुळे गयथू. मगनशेठ म्हणस, तुमना माणूस बेरिंग लई गया. मना कोणता माणूस? मी तं एकलाच शे."

बोलता बोलता त्याची नजर पितांबरच्या गाडीवर गेली. तीच गाडी, तसंच चाक, टोपणाभोवती ताजं ग्रीस. आरोप करणं तर दूरच, त्यानं पाहुण्याला अवघडायला नको म्हणून नजर दुसरीकडे वळवली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्याचं ते नजर वळवणं पितांबरला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मंजुळानं दगडांवरच्या गाडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"आबा, तुमले बेरिंग कोठे भेटनं?"

आता खोटं बोलायचं बळही उरलं नव्हतं. "मी लिधं," तो म्हणाला. "मगनशेठले म्हनं, मालेच धाडेल शे. निंबाभाऊ, आतेच चाक खोला. तुमनं तुम्ही लई ल्या."

"ऱ्हाऊ द्या," निंबा म्हणाला. "खोलता-बसाडता सांज व्हई. उद्या आखाजी शे. पोरी बसेल शेत, तुम्हीच त्यासले पोचाडा."

मंजुळा गाडीतून आपलं गाठोडं काढून घेत होती. ती रडली नाही, रागावली नाही. तसं केलं असतं तर पितांबरनं तिची समजूत तरी घातली असती.

"पोचाडा, आबा," ती म्हणाली. "मी मागला साल जठे आखाजी करी, तठेच करसु." आणि निंबाच्या बायकोमागून घरात गेली.

पितांबर तीन पोरींना घेऊन निघाला. निजामपूरकडे एक, पिंपळनेरच्या वाटेला दुसरी. प्रत्येक दारात विधवा म्हातारी लेकीला कवटाळायची, मग याच्याकडे वळायची. मुराळी आला म्हणून त्याचे पाय धुतले गेले, कपाळाला कुंकू लागलं, देव भला करो असे आशीर्वाद मिळाले. निंबाची गाडी बिघडली म्हणून त्यानं ह्यांना धाडलं, असं पोरीच सांगत होत्या, आणि तो मान हलवत होता. मगनशेठच्या दुकानात म्हटलेलं तेच खोटं आता त्याला दारोदारी, पाय धुऊन घेत, पुन्हा पुन्हा खरं म्हणून ऐकावं लागत होतं.

तान्ह्या मुलाची आई शेवटची. गाव आडबाजूला, वाट खडकाळ. पोचेपर्यंत आखाजी उजाडली. तिची आई शेवंताबाई. तिनं मुराळ्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाट मांडला, खापरावरची पोळी वाढली, वाटी भरून रस ओतला. बाहेर चिंचेला झोका बांधला होता आणि तिची लेक बाळाला घेऊन झोक्यावर बसली होती. बाळ हसत होतं. पितांबर पोळीचा तुकडा रसात नुसता फिरवत राहिला. त्याच्या गावी या वेळी धुरपदाबाई रस्त्याकडे डोळे लावून दारात उभी असणार.

शेवंताबाईनं पुन्हा रसाचा तांब्या उचलला. "भाऊ, तुमले पोर शे का?"

"शे. एकच शे."

"उनी का मंग आखाजीले?"

पितांबरनं पोळीवरचा हात काढून घेतला.

"नही उनी," तो म्हणाला. "तिनी माले मुराळी मानं नही."