दोन चेंडू

चैत्रात रायपूरचं आकाश पितळेच्या परातीसारखं तापलेलं असे, गुढियारीच्या मालधक्क्यावरून सिमेंटची राखाडी धूळ उठे, आणि त्या धुळीपलीकडून एक आवाज येई: वेगानं आलेला चेंडू तळव्यांत विसावल्याचा, ओल्या मातीत धोंडा पडावा तसा भरीव. ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या मला न बघताही कळे, माझा धाकटा भाऊ विनू फुटबॉलच्या गोलात उभा आहे.

वडील रेल्वेत गार्ड. नोकरीपायी वर्ध्याहून इथं आले आणि इथलेच झाले. सुटीच्या दिवशी ते गोलामागं उभे राहत, हात पाठीशी बांधून, अवाक्षर न बोलता. विनूनं झेप घेतली की त्यांची मान किंचित हले. त्या हलण्यासाठी तो गुडघे सोलून घेई.

पुढं कोलकात्याच्या एका व्यावसायिक क्लबानं त्याला नेलं. बाकीचे धावतात, गोलकीपर वाट बघतो. विनूची तारुण्याची सगळी वर्षं अशी वाट बघण्यात, निथळत्या पावसात आणि फ्लडलाइटच्या निष्ठुर उजेडात गेली. एकदा पुढं झेपावताना समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला, तोंडावर पाणी मारून घेतलं, सामना पुरा केला. तसे आघात नंतरही झाले, आणि प्रत्येक वेळी तो उठलाच.

मग तो उपांत्य सामना. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. एक मंद, लहान मुलानंही अडवावा असा चेंडू घरंगळत आला. विनू वाकला, त्याचे तळवे रिकाम्या हवेवर मिटले, आणि चेंडू बाजूनं जाळीत गेला. प्रेक्षक ओरडले, विकला गेला. क्लबानं करार वाढवला नाही.

बॅग घेऊन तो दारात आला, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "मॅच इकली का रे तुनं?"

विनू बॅग घेऊन तसाच आत निघून गेला. त्या दिवसापासून एका छपराखाली दोघांमध्ये एक थंड, अबोल ऋतू मुक्कामाला आला. मला मात्र त्यानं सांगितलं, "मले दोन बॉल दिसून राहिले होते, ताई. मी चुकीच्यावर गेलो."

"मंग बाबाले सांग ना."

"त्यायनं इचारलंच काहून?"

या एका प्रश्नापाशी त्याचा सगळा अभिमान ठाण मांडून बसला होता. माझ्याकडूनही त्यानं न सांगण्याची शपथ घेतली.

वर्षं गेली. विनू हातातली कामं विसरू लागला. एकदा मावशीकडून परतताना पुरानी बस्तीतल्या ओळखीच्या गल्लीत वाट चुकून रडत बसला. मी आणि वडील त्याला नव्या रायपूरच्या इस्पितळात घेऊन गेलो. डोक्यावरच्या जुन्या आघातांनी मेंदू खचत चाललाय, डॉक्टर म्हणाले. एकाच्या जागी दोन दिसणं ही अशा आजाराची पहिली खूण असू शकते. मी शपथ मोडली, वडिलांना सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी ते विनूच्या खाटेवर जाऊन बसले. त्याचे वाकडी बोटं असलेले हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. "माह्यं चुकलं रे पोरा. मले माफ कर."

विनू त्यांच्याकडे निर्मळ, शरदातल्या पाण्यासारख्या डोळ्यांनी बघत राहिला. "काय चुकलं, बाबा? तुम्ही जेवले का?"

तो दुखावलेला मुलगाच त्याच्यात उरला नव्हता. क्षमा करायची कुणी? वडिलांनी रोज त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, तोही हसून बोले, पण त्यांना हवा होता तो एक शब्द द्यायला तिथं कुणी नव्हतं. पौषात ते गेले.

आता दिवेलागणीला विनू विचारतो, "बाबा ड्यूटीवरून आले नाही?" मी म्हणते, "येतील." एकानं ते दुःख विसरून टाकलं, दुसऱ्यानं ते सोबत नेलं, आता ते फक्त माझ्या आठवणीत राहतं, आणि मी नसेन तेव्हा ते कधी घडलंच नव्हतं असं होईल.