शेवंतीच्या कार्डांची पूजा

अंधेरीच्या त्या कंपनीत प्रोग्रॅमरची जागा एकच, आणि अर्ज किती आले म्हणता? वेसाव्याच्या खाडीत तेवढी कोलंबी नसेल! लेखी परीक्षेत बरेचसे गळाले, तोंडीत आणखी. उरले दोघं: पार्ल्याचा भीमराज आणि वेसाव्याची शेवंती, पुतळाबाई कोळणीची लेक.

शेवटची परीक्षा म्हणजे शंभर नावं इंग्रजी अक्षरांप्रमाणे, ए-बी-सी-डीनं, लावून देणारा प्रोग्रॅम. त्या काळी तो जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा, एका कार्डावर एक ओळ, आणि दुसऱ्या दिवशी कम्प्युटरच्या मशीनला भरवायचा. ज्याचा चालेल त्याची नोकरी. शेवंतीची झाली त्र्याहत्तर कार्डं. घरी आणून तिनं ती इतक्यांदा वाचली, की शेजारणीच्या कोंबडीलाही पाठ झाली.

सकाळी ती न्हायला गेली, तेवढ्यात पुतळाबाईनं गठ्ठा पाटावर मांडला. नवी होडी नारळ फोडल्याशिवाय कुणी पाण्यात घालतं का? मग हे तर लेकीचं पहिलंच काम! हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं, पदरानं पुसलं, आणि गठ्ठा गुपचूप जागेवर.

कम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. आत असा गारठा, की बोंबील महिनाभर ताजा राहील. मशीन चार कपाटांएवढं.

आधी भीमराज. मशीननं एकच नाव शंभरदा छापलं. धोंडिराम, धोंडिराम, धोंडिराम... कागद संपेना!

मग शेवंती. खट खट खट... खर्रर्र! मशीन ठप्प.

परीक्षा घेणाऱ्या चंद्रप्रकाश साहेबांनी चुरगळलेलं कार्ड ओढून काढलं. "हे पिवळं काय?"

शेवंतीनं वास घेतला. हळद आणि नारळाचं पाणी!

"सर... आईनं पूजा केली वाटतं."

"कार्डांची?"

"होडीची करतात ना, तशी."

भीमराज फिसकन हसला. "प्रसाद कुठंय गं?"

"तुझ्या धोंडिरामानं खाल्ला," शेवंती म्हणाली.

साहेबांनी गठ्ठा चाळला. "वरची नऊ कार्डं भिजून फुगलीत. लिहिलेला कागद आणलायस?"

"घरी राहिला."

"मग संपलं, बाई."

"संपलं कसं, सर? मला पाठ आहेत. कोरी नऊ कार्डं द्या फक्त."

साहेब घड्याळ बघत राहिले आणि शेवंती भोकं पाडायच्या यंत्रावर बसली. काय तिची बोटं चालली! पुतळाबाई कोलंबी सोलते ना, तश्शी. नऊ कार्डं झाली, गठ्ठ्यावर चढली, मशीनमध्ये गेली.

खट खट खट खट. आणि कागद सरसर बाहेर! बळवंत, भाऊराव, धोंडिराम, गुणाजी... धोंडिराम एकदाच हो! शंभरच्या शंभर नावं जागच्या जागी.

साहेबांनी बोट फिरवत यादी खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून वाचली. "इथं पोरं स्वतःचा प्रोग्रॅम कागदावर बघूनही धड सांगत नाहीत. सोमवारी ये. आणि कार्डं घरी न्यायची नाहीत!"

शेवंती जी धावली ती अनवाणीच, थेट फाटकापर्यंत. तिथं पुतळाबाई टोपली घेऊन बसली होती. वॉचमनला अर्धी टोपली मासळी विकून झाली होती.

"आई! तुझ्या पूजेनं मशीन बंद पाडलं!"

"आणि नोकरी गो?"

"मिळाली!"

पुतळाबाईनं टोपलीतला सगळ्यात मोठा पापलेट वॉचमनच्या हातात कोंबला. "घे रे, फुकट! माझी बाय मशीन चालवते!"