सात डबे, सांगाडा एकही नाही

आर्डिस टोलेफसनच्या तळघरात सात रिव्हॉल्व्हरं होती असं म्हणणं म्हणजे घरात बेसन, तूप आणि साखर आहे म्हणून लाडू आहेत असं म्हणण्यासारखं होतं.

बिस्किटांचे सात निळे पत्र्याचे डबे फळीवर ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं होतं. पहिल्यावर ‘लेलँडचं’, दुसऱ्यावर ‘मर्लचं (त्याला नको आहे)’, मग ‘साधं’, मग ‘त्याहून साधं’ आणि असंच पुढे. आत तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या नळ्या होत्या, गोळ्यांची चक्रं होती, गोळीवर आपटणारे घोडे, चाप, स्प्रिंगा, आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत इवले इवले स्क्रू. नव्हता तो सांगाडा, हे सगळे भाग ज्यात बसतात तो. बाकीचा एकेक भाग लोणच्याच्या बरणीसारखा टपालाने घरपोच येतो, सांगाडा येत नाही. कायद्याच्या लेखी सांगाडा हेच रिव्हॉल्व्हर. त्याच्यासाठी दुकानदारापुढे उभं राहून फॉर्म भरावा लागतो, आपण कोण हे सांगावं लागतं, आणि मुख्य म्हणजे काय हवंय ते ठरवावं लागतं. या ठरवण्यालाच आर्डिस अकरा वर्षं टाळत आली होती. सांगाडा आला की एकच रिव्हॉल्व्हर होणार. सांगाडा नाही तोवर एका डब्यात पन्नास होती.

हे तिला ठाऊक होतं. रोज सकाळी कॉफीच्या आधी एक स्तोत्र वाचायचा तिचा नेम होता, आणि त्या शांत पंधरा मिनिटांत देवाऐवजी रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा वक्र आकार डोळ्यांपुढे येई, तेव्हा ती स्वतःला म्हणे, ‘वा आर्डिसबाई, लोकांना देवदूत दिसतात, तुम्हाला हे दिसतं!’ मग स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून वाची.

लेलँड हा तिचा थोरला भाऊ. मोंटानातल्या त्यांच्या खोऱ्यात, नदीपलीकडे त्याची गुरं होती. अकरा वर्षांपूर्वी नदी ओलांडताना त्याच्या खालचा घोडा घसरला आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर पाण्यात गेलं. तेव्हा आर्डिस म्हणाली होती, “नवीन विकत घेऊ नकोस. तुझ्या हाताच्या मापाचं मीच बनवते.” लेलँडला थांब म्हटलं की तो थांबतो, आणि किती वेळ ते विचारत नाही. अकरा वर्षं तो सापांना फावड्याने मारत होता.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी तो आर्डिसकडे धिरड्यांना आला. आर्डिसचा नवरा मर्ल तव्यापाशी उभा होता. त्या घरात स्वयंपाक मर्ल करी, कारण स्वयंपाकघराच्या टेबलावर बहुधा कानशी असत.

लेलँडने चौथं धिरडं संपवलं, तोंड पुसलं आणि टोपीकडे बघत म्हणाला, “मे महिन्यात गुरं डोंगरावर न्यायची. माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून लेक नेईल.”

“बरं.”

“म्हटलं, दुकानातनं एक घेऊ का? साधंसंच. तुझं झालं की ते वापरीन.”

आर्डिसच्या नाकाला मिरची झोंबली. “दुकानातलं? लेलँड, तुझ्या डब्यात जी नळी आहे ना, तशी साऱ्या जिल्ह्यात नाही!”

“नसेल बाई. नळी चांगलीच असणार.”

“ईस्टरपर्यंत तुझ्या हातात देते. बोलले ना, दिलंच समज.”

लेलँडने मान हलवली आणि घरी गेला. मर्लने तवा उतरवला. मग पाठमोराच म्हणाला, “गेल्या सप्टेंबरात त्याच्या म्हाताऱ्या घोडीचा डोंगरावर पाय मोडला. तिला सोडवायला जवळ काही नव्हतं. खाली येऊन रायफल घेऊन वर जायला चार तास लागले त्याला. घोडी तशीच पडून होती.”

“मला नाही बोलला तो.”

“तुला कसा बोलेल?”

घासायला काही नव्हतं तरी आर्डिसने एक कानस उचलली.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राखेचा क्रूस काढून घेऊन सगळे चर्चच्या तळघरात सूप प्यायला बसले. पास्टरबाई टेबलाटेबलाशी जाऊन, या चाळीस दिवसांत कोण काय सोडणार ते विचारत होत्या. कोणी गोड सोडलं, कोणी मोबाइलवरचे पत्ते सोडले. त्या आर्डिसपाशी आल्या तेव्हा कालचा तो राग आणि ती घोडी अजून तिच्या डोक्यातून गेली नव्हती. प्रायश्चित्त मोठं हवं असं वाटून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी रिव्हॉल्व्हरचे भाग विकत घेणं सोडलं. एक स्क्रूसुद्धा नाही.”

“अरे देवा,” मर्ल म्हणाला, “आता टपालवाल्याची नोकरी जाणार.”

सारं टेबल हसलं, आर्डिसही हसली. गाडीत बसून पट्टा लावताना तिच्या ध्यानात आलं की मंगळवारी तिने ईस्टरपर्यंत रिव्हॉल्व्हर द्यायचं वचन दिलं, आणि बुधवारी ईस्टरपर्यंत काही विकत न घ्यायचा नेम केला. सांगाडा तर घरात नाही. एका दिवसाच्या अंतराने, दोन्ही वेळा निव्वळ ताठ्यापायी, तिने स्वतःला दोन्ही बाजूंनी बांधून घेतलं होतं.

“काय झालं?” मर्लने विचारलं.

“काही नाही. मूर्ख आहे मी.”

“ते होय,” म्हणून त्याने गाडी सुरू केली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जत्रेच्या मैदानावरल्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरणार होता, शनिवार आणि रविवार. आर्डिसने कॅलेंडर पुढे घेऊन राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत बोटांनी मोजलं. सेहेचाळीस भरले. पुन्हा मोजलं तरी सेहेचाळीसच. रविवार गाळले तेव्हा बरोबर चाळीस झाले. तिच्या अंगातून एक गोड, थोडीशी पापी लहर गेली.

त्या रविवारी उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना तिने हळूच विचारलं, “पास्टरबाई, उपवासात रविवार धरतात का हो?”

“नाही. रविवार पुनरुत्थानाचा, तो मोजत नाहीत. का?”

“सहजच.”

पास्टरबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. “आर्डिस, आज बाजाराचा शेवटचा दिवस आहे ना? आमचे हे सकाळीच गेलेत.”

आर्डिसचे कान लाल झाले. तरी ती गेलीच, चर्चच्याच निळ्या पोशाखात, हातात स्तोत्रांचं पुस्तक घेऊन.

सुक्या मांसाच्या आणि चाकूंच्या टेबलांपलीकडे एका जाड्या दुकानदारापाशी तिला हवं ते दिसलं, एक जुनं, अख्खं रिव्हॉल्व्हर. म्हणजे रूप नव्हतं हो त्याला. निळी झळाळी उडून पोलाद पांढुरकं पडलेलं, नळीवर ओरखडे, आणि लाकडाच्या मुठीच्या जागी कुणीतरी बसवलेली काळ्या रबराची बेढब मूठ. पण सांगाडा सरळ होता, आणि नेमका लेलँडच्या डब्यातल्या भागांच्या मापाचा.

“तीनशे ऐंशी,” दुकानदार म्हणाला. “गुराख्याचं होतं. खूप चाललंय, पण रडलं नाही कधी.”

“मला फक्त सांगाडा हवाय. बाकीचं काढून टाकीन.”

“टाका की बाई. मेलेल्याचे डोळे दान करतात, तसंच हे.” त्याने फॉर्म पुढे सरकवला. “पण एकदा घोडा ओढून तर बघा.”

“कशाला? घोडा माझ्याकडे आहे,” आर्डिस म्हणाली. “तीन आहेत.”

मंगळवारी तिने लेलँडला मापाला बोलावलं. सांगाड्यावर तिने लेलँडच्या डब्यातली मूठ नुसती टेकवून बसवली होती. ती एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिंगाची होती. चार हिवाळे ती ही मूठ घासत होती, कारण अकरा वर्षांपूर्वी किराणाच्या कागदी पिशवीवर लेलँडचा पंजा ठेवून तिने पेन्सिलीने कड काढून घेतली होती आणि त्या कडेबरहुकूम एकेका बोटाची खाच कोरली होती. चित्रातलीच मूठ ती. मर्लनेसुद्धा धिरड्याचा हात पुसून ती पाहिली आणि शीळ घातली.

“धर,” आर्डिस म्हणाली.

लेलँडने धरली. म्हणजे धरायला गेला. मधल्या बोटाचा सांधा आक्रोडाएवढा सुजलेला होता, तो खाचेत जाईना. अंगठा वर पोचेना. त्याने हात जरा फिरवून पाहिला, मग दुसरा हात खाली लावला आणि स्तोत्रांचं पुस्तक धरावं तसं दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

“छान आहे,” तो म्हणाला. “फारच छान आहे हे.”

आर्डिस त्याच्या बोटांकडे बघत राहिली. या बोटांनी तो दर मंगळवारी तिच्यासमोर बसून जेवत होता. आणि ती? तिने तीस वर्षं दंतवैद्यांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घासल्या होत्या. तीन वर्षांपूर्वीचा साचा पाठवणाऱ्या डॉक्टरांना ती फोनवर झापत असे, “हिरड्या काय दगडाच्या असतात का? माणसाला पुन्हा बसवा आणि नवीन माप घ्या!” त्याच आर्डिसबाईंनी सख्ख्या भावाच्या हाताचं माप अकरा वर्षं पिशवीवर जपलं, ते कागदाला सुरकुती पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून!

“नाही बसत,” ती म्हणाली.

“बसेल. सवय झाली की बसेल.”

“लेलँड, खोटं बोलू नकोस. उपवासकाळ आहे.”

तेव्हा त्याने ती मूठ सांगाड्यासकट टेबलावर ठेवली, सावकाश, कुणाचं तरी बाळ परत द्यावं तसं. मग त्याची नजर वर्तमानपत्रावर काढून ठेवलेल्या भागांकडे गेली. “ते काळं काय आहे?”

“ते फेकायचं आहे. रबर आहे ते.”

“दे बघू जरा.”

मर्लनेच ते उचलून दिलं. लेलँडची बोटं रबराभोवती मिटली, पुरती मिटली. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, त्या घराण्यात चेहऱ्यावर काही हलत नाही, पण त्याने ते परत ठेवलं नाही.

“हे त्याच्यावर बसतं?”

“त्याच्यावरच होतं ते.”

“मग बसव की.”

“आणि नळी? ती ओरखड्यांची आहे. चक्रसुद्धा तसंच. माझ्याकडचं चक्र बघशील तर...”

“हे चालतं का?”

“चालतं,” आर्डिस म्हणाली. खोटं बोलायची सोय नव्हती. “चांगलं चालतं.”

“तर जसं होतं तसंच जोडून दे, आर्डिस.”

तिला वाटलं, आपण रडणार. मग वाटलं, रडायचं कशासाठी? नळीसाठी? अन् ती फसकन हसली. मर्ल आणि लेलँडने एकमेकांकडे पाहिलं.

“घोड्याचं टोक तरी रुंद करू दे,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुझा अंगठा घसरेल त्यावरून.”

“कर. मी बसलोय.”

“आत्ता?”

“मला कॉफी देईल मर्ल.”

आर्डिस तळघरात गेली. तिथल्या तीन घोड्यांपैकी सर्वांत साधा, रुंद पाठीचा तिने उचलला. या वेळी माप कागदावरून घेतलं नाही. तीनदा वर येऊन तिने लेलँडचा अंगठाच त्यावर टेकवून पाहिला आणि तीनदा खाली जाऊन कानस चालवली. तिसऱ्या वेळी लेलँड म्हणाला, “माझा अंगठा तिकडेच ने की, पायऱ्या वाचतील.” घोडा बसवला, जुनी नळी, जुनं चक्र, रबराची मूठ, सगळं जागच्या जागी जोडलं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा वीसदा ओढून पाहिला. घड्याळाकडे बघितलं तर एक तास दहा मिनिटं झाली होती.

अकरा वर्षं आणि एक तास दहा मिनिटं. तिने हे मर्लला सांगितलं नाही. त्याने स्वतःच घड्याळाकडे पाहिलं होतं.

तिघं घरामागच्या घळीत गेले. बर्फ अजून सावलीत साचलेला होता, बाकी चिखल. मर्लने मातीच्या कडेला कचऱ्यातले सहा रिकामे डबे ओळीने मांडले आणि परत येऊन मागे उभा राहिला. सगळ्यांनी कानांत बोळे घातले. लेलँडने अंगठ्याने घोडा ओढला. अंगठा घसरला नाही. पहिला बार मातीत गेला, दुसराही. तिसऱ्याला एक डबा उडाला. पाचव्याला आणखी एक.

आर्डिसच्या जिभेवर सतराशे प्रश्न होते. चाप जड लागतो का? नेम धरायची समोरची माशी नीट दिसते का? थोडं घासून देऊ का? ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

लेलँडने चक्र रिकामं केलं, गोळ्यांची रिकामी टरफलं खिशात टाकली.

“बरं आहे,” तो म्हणाला.

मर्लने आर्डिसच्या पाठीवर थाप मारली. त्या भावाने स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढं म्हटलं नव्हतं.

मग लेलँडने रिव्हॉल्व्हर कोटाच्या खिशात घातलं, तसा कोट एका बाजूला ओढला गेला आणि तोही थोडा तिरपा झाला. दोन पावलं तसाच चालला.

“म्यान पाहिजे याला,” तो म्हणाला. “माझं जुनं नदीतच गेलं त्याच्याबरोबर.”

आर्डिसचं तोंड उघडलं. क्षणात तिला कातडं दिसलं, एल्कचं, नाही, बैलाचं, जाड. काठाला दुहेरी शिवण, त्याच्या उजव्या खुब्याचं माप, वर पट्टीवर लहानसं...

“आर्डिस,” मर्ल म्हणाला.

ती थांबली. लांब श्वास घेतला.

“घोड्यांचं खोगीर विकतात ना, त्या दुकानात मिळतं,” ती लेलँडला म्हणाली. “तयार. पंचवीस-तीस डॉलरला. आजच जा. पाचला बंद होतं ते.”