शैलाचे पॅच

शैलाला ते पॅच मीच दिले. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको.

ब्याण्णव साली ऑपरेशनमध्ये माझी गर्भपिशवी काढली आणि जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, हॉर्मोनचे पॅच दिले. कमरेखाली चिकटवायचे, आठवड्यातून दोनदा बदलायचे. काय सांगू, दोन वर्षांनी सलग झोपले! घाम नाही, चिडचिड नाही. नवऱ्याने देवापुढे साखर ठेवली.

शैला लंडनमध्ये, पिनरला आमच्याच गल्लीत राहायची. तिची पाळी कशीही यायची, झोपेचं पार खोबरं झालेलं. नवरा उदय हार्टचा मोठा डॉक्टर, आणि आमचा जीपी त्याचा बॅडमिंटनचा पार्टनर. "त्या माणसाला मी असलं सांगू? शनिवारी माझ्याकडे जेवायला असतो तो, वैजू! आणि उदयला कळलं तर बघ, शपथ आहे तुला." मग मीच जीपीला थाप मारली, अंघोळीत पॅच सुटतात, जास्त द्या. तिची सोय झाली. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

वर्षभर ती गाढ झोपली. जानेवारीत हसत म्हणाली, "अगं, ऑक्टोबरपासून पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबतच नाही. पुन्हा तरुण झाले की काय!"

"जाता जाता धिंगाणा घालतेच ती," मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले.

त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी मी चेकअपला गेले. ब्लडप्रेशर घेता घेता नर्स म्हणाली, "तुमचं सोपं आहे, नुसत्या पॅचवर भागतं. पिशवी असेल तर सोबत दुसरी गोळी लागतेच. नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं."

"आणि मग?"

"मग रक्त जात राहतं. कधीकधी कॅन्सर होतो."

घरी येऊन कोटही न काढता फोन लावला. उदयने उचलला.

"शैला वर आहे. काही निरोप देऊ?"

नंतर करते म्हणून ठेवून देणं सोपं होतं. पण शैला हसण्यावारी नेणार, इतक्या वर्षांनी मिळालेली झोप सोडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"निरोप नाही, उदय. तुलाच सांगायचंय." आणि मी सगळं सांगितलं, थापेसकट.

तो ओरडेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दिवाळीत चक्कर येते म्हणाली होती," तो हळूच म्हणाला. "मी न तपासताच आयर्नच्या गोळ्या दिल्या."

वरून शैला विचारत होती, "अहो, कोणाचा फोन आहे?"