एकाच शाईतली वही

एकाच शाईत, जणू एका बैठकीत उतरलेली वही नरहररावांना कधी पटत नसे. गुलबर्ग्याच्या कॉलेजात वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवताना, आधी उत्तर आणि मागून आकडे लिहिणारे किती तरी भामटे त्यांनी पकडले होते. त्यात ही वही नागनाथची, ठाणाकुशनूरच्या शेतमजुराच्या पोराची. सर स्वतःला पुरोगामी म्हणवत. म्हणवायला काय जातं!

नागनाथ त्यांचाच जुना विद्यार्थी, आता बंगळूरच्या प्रयोगशाळेत. शिष्यवृत्ती पुढं चालायला त्याला सरांच्या शिफारसपत्रावर आजच सही हवी होती. नाहीतर परत गावी, बापाबरोबर रोजगाराला.

"क्वार्ट्झचं ठीक आहे," सर म्हणाले. "थंड करत नेलं की उष्णता धरायची ताकद झपाट्यानं घसरते, पुस्तकात आहे तशी. पण ही काच? त्याच वाळूची, आणि निरपेक्ष शून्याच्या इतक्या जवळ येऊनही एवढी उष्णता खाते?"

"काचेतले अणू नीट बसलेलेच नस्तेत, सर. काहींना दोन जागा असतेत, मधी टेकाड. चढायची ताकद न्हाई, तरी टेकाडातनं आरपार जातेत. क्वांटमचा नियमच है त्यो."

"न चढता आरपार! आकडे जमेनात की असली टेकाडं सुचतात."

कुठंतरी पाणी मुरतंय, याची सरांना खात्रीच पटली. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खोट्यावर मी सही करणार नाही."

"सर, काचेचे आकडे आमच्या डायरेक्टर साहेबांचे हैत. क्वार्ट्झचे माजे. दोन्ही मीच उतरवून आनलेत, म्हणून एक शाई."

"असं होय?" सरांनी वही पुन्हा जवळ ओढली. "तसं पाहिलं तर अशक्य नाही म्हणा. काचेचा काय भरवसा." टोपणही निघालं. मग त्यांनी भराभर मागची पानं उलटली आणि क्वार्ट्झच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे मात्र जरा जास्तच बरोबर आलेत."

नागनाथनं वही त्यांच्यापुढं नीट उघडून ठेवली.

"तपासा की, सर. माज्या गाडीला टाइम है."

मघाशी ज्याला ठीक म्हटलं त्याच आकड्यांवर आपण काय बोललो ते तेव्हा कुठं नरहररावांना कळलं. लाजेनं त्यांचे कान तापले. त्यांनी मुकाट्यानं सही केली.

नागनाथनं पत्र उचललं. त्यांच्या समोरच बसून अक्षर न् अक्षर वाचलं, तारीख बघितली, शिक्का बघितला आणि मगच घडी घातली.